फॉर्मवर ‘मराठी’ लिहा आणि स्वागताच्या संध्याकाळी नक्की जा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्याहून जूनअखेर न्यू जर्सीला आलेलं कुटुंब. मुलगा नऊ वर्षांचा, ठाण्यात इंग्रजी माध्यमात तिसरी संपवून आलेला. मुलगी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाच पूर्ण करते. डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून, दोन पत्रं आली आहेत. एकात नव्या कुटुंबांना शाळेत एका संध्याकाळी बोलावलंय, दुसऱ्यात गणित आणि इंग्रजीसाठी नव्या स्टँडर्ड्सनुसार अभ्यासक्रम स्वीकारल्याचं कळवलंय. नोंदणीच्या फॉर्मवर घरची भाषा विचारली आहे. ओळखीचे लोक सांगतात, “इंग्लिश लिहा, नाहीतर मुलाला ईएसएलमध्ये टाकतील आणि तो मागे पडेल.” (ईएसएल म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांना इंग्रजीची जादा मदत.) आई विचारते: काय लिहू? ही नवी स्टँडर्ड्स म्हणजे काय? माझं इंग्रजी अडखळतं, नवऱ्याला त्या दिवशी सुटी नाही, तर त्या कार्यक्रमाला नाही गेलं तर चालेल का?

मी न्यू जर्सीच्या सरकारी शाळांमध्ये अठरा वर्षं ईएसएल शिकवते. दर ऑगस्टला नोंदणीच्या टेबलापाशी बसते, त्यामुळे हा प्रश्न मला पाठ आहे. आधी फॉर्मचं बोलते, कारण तो तुम्हाला याच आठवड्यात भरायचा आहे.

‘मराठी’ लिहा. मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोललं, घरात मोठी माणसं कुठली भाषा बोलतात, मूल घरात कुठली बोलतं, अशा तिन्ही ठिकाणी जे खरं आहे तेच लिहा.

काही वर्षांपूर्वी अशीच एक आई टेबलापाशी पेन हातात धरून थांबली होती. त्या ओळीवर तिचं पेन टेकेना. तिनं फोनवर दिरांना हळू आवाजात विचारलं, आणि मग तीनही ठिकाणी ‘इंग्लिश’ लिहिलं. मुलगा चौथीत बसला. वाचायला दिलं की घडाघडा वाचायचा, अक्षर मोत्यासारखं. त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पण बाई तोंडी सूचना द्यायच्या तेव्हा तो शेजारच्याचं बघून वही उघडायचा. वर्गशिक्षिकेनं नोंद केली, ‘लाजाळू आहे’. ऑक्टोबरच्या शेवटी जेवणाच्या सुटीत मी कॉरिडॉरमधून जात होते आणि तो मोठ्या बहिणीला विचारत होता, “ताई, बाई काय म्हणाल्या गं? मला उद्या काय आणायचंय?” मी मराठीत हाक मारली तर तो दचकला, आणि मग त्यानं एका दमात सगळं सांगितलं. बाई फार भरभर बोलतात, शब्द ओळखीचे वाटतात पण वाक्य हातात राहत नाही, आणि परत विचारलं तर सगळे बघतात. दोन महिने ते मूल हे एकटं सोसत होतं. आम्ही आईला बोलावलं, फॉर्म दुरुस्त केला, चाचणी घेतली. वाचन उत्तम, ऐकून समजणं फारच खाली. जानेवारीपर्यंत तो वर्गात हात वर करायला लागला.

आईची चूक होती असं मी म्हणणार नाही. तिला भीती घातली गेली होती. म्हणून त्या फॉर्मचं पुढे काय होतं ते नीट सांगते.

फॉर्मवर ‘मराठी’ लिहिल्यानं मूल ईएसएलमध्ये जात नाही. मुलाला इंग्रजीची मदत लागेल का हे तपासायचं, एवढंच त्यातून ठरतं. मग आमच्यापैकी कुणीतरी मुलाची चाचणी घेतं. न्यू जर्सीत ती ‘विडा’ या संस्थेची असते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही बघतात. मुलाचं इंग्रजी पुरेसं असेल तर विषय तिथेच संपतो, आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या कितीतरी मराठी मुलांचा तो तिथेच संपतो. मदत लागणार असेल तर शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत शाळेनं तुम्हाला लेखी कळवायचं असतं: पातळी काय आली, कसली मदत देणार, त्यातून बाहेर कधी पडणार. ती मदत नको म्हणण्याचा अधिकारही तुम्हाला आहे. तुम्ही नको म्हणालात तरी मुलाला दर हिवाळ्यातली भाषेची चाचणी द्यावी लागते, एवढंच.

ईएसएल म्हणजे ‘ढ’ मुलांचा वर्ग नाही. बहुतेक शाळांत मूल आपल्या नेहमीच्या वर्गातच असतं. मी दिवसातला काही वेळ त्याला बाजूला घेते किंवा त्याच वर्गात त्याच्याजवळ बसते. गणित तेच, विज्ञान तेच, स्टँडर्ड्सही तीच. हा हक्क मुलांना भांडून मिळालेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या चिनी मुलांच्या पालकांनी खटला लढवला आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्या मुलाला वर्गातली भाषाच समजत नाही त्याला इतरांसारखीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही. न्यू जर्सीचा आणखी एक नियम आहे. इंग्रजीची मदत लागणारी एकाच भाषेची वीस किंवा जास्त मुलं डिस्ट्रिक्टमध्ये असतील तर द्वैभाषिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर येते. आपण सगळ्यांनी ‘इंग्लिश’ लिहिलं तर त्या मोजणीत मराठी मुलं दिसतच नाहीत. मग मराठी दुभाषा मिळत नाही, सूचनापत्र मराठीत येत नाही, आणि आपणच म्हणतो की आपल्याला कुणी विचारत नाही.

बाकी कागदपत्रांचं झटपट सांगते. तुम्ही त्या गावात राहता याचा पुरावा लागतो, म्हणजे भाडेकरार, विजेचं बिल असं काही. नातेवाइकांकडे राहत असाल तर त्यांचं लेखी निवेदन चालतं, त्याचा नमुना ऑफिसातच मिळतो. जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड लागतं. एखादी लस राहिली असेल तर परदेशातून आलेल्या मुलाला साधारण ३० दिवसांची मुभा असते, तेवढ्यासाठी प्रवेश अडवून धरत नाहीत. भारतातून आलेल्या मुलांची टीबीची तपासणी बहुतेक ठिकाणी मागतात. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून केलेली तपासणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना बीसीजीचं सांगा आणि रक्तावरून होणारी तपासणी मागा. व्हिसाचा प्रकार किंवा सोशल सिक्युरिटी नंबर यांवर शाळेचा प्रवेश अवलंबून नसतो. १९८२ च्या टेक्सासमधल्या खटल्यापासून हे देशभर पक्कं आहे.

आता स्टँडर्ड्स. आपल्याकडे ‘स्टँडर्ड’ म्हणजे इयत्ता, त्यामुळे ‘नवी स्टँडर्ड्स’ म्हटलं की शाळेत नवे वर्ग उघडले असं काहींना वाटतं. इथे स्टँडर्ड म्हणजे त्या इयत्तेच्या शेवटी मुलाला काय आलं पाहिजे याचं एकेक वाक्य. ही वाक्यं राज्य ठरवतं. ती कशी शिकवायची, कुठल्या महिन्यात काय घ्यायचं, कुठलं साहित्य वापरायचं, हे डिस्ट्रिक्टचं बोर्ड ठरवतं, त्याला अभ्यासक्रम म्हणायचं. २०१० मध्ये ‘कॉमन कोअर’ नावाची सामाईक स्टँडर्ड्स आली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली, न्यू जर्सीनंही. २०१६ मध्ये न्यू जर्सीनं ती बदलून आपल्या नावानं आणली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्रजी व गणिताची पुन्हा सुधारून मंजूर केली. राज्यानं वाक्यं बदलली की सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्टना आपापला अभ्यासक्रम त्यांच्याशी जुळवून घ्यावा लागतो. तुम्हाला आलेलं पत्र त्याचंच आहे. तुमच्या मुलाबद्दल त्यात वावगं काही नाही.

मराठी पालक मला सगळ्यात आधी विचारतात, “पण पुस्तक कुठाय?” बालभारतीसारखं एक पुस्तक, त्याचे धडे, धड्याखालचा स्वाध्याय, हे इथल्या प्राथमिक शाळेत बहुधा घरी येतच नाही. सुटे कागद येतात, काही काम कॉम्प्युटरवर होतं. पालकाच्या हाताला धरायला काहीच लागत नाही, आणि ती अस्वस्थता मला पूर्ण समजते. म्हणून सांगते, चौथीची स्टँडर्ड्स राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. गणिताची छापून घ्या आणि फ्रिजवर लावा. तेच तुमचं पुस्तक समजा.

गणितात सगळ्यात जास्त वाद घरी होतात, म्हणून एक उदाहरण अगदी जवळून दाखवते. २७ गुणिले १४. तुमचा मुलगा ठाण्यात शिकला तसं खाली मांडेल, हातचा घेईल आणि ३७८ लिहील. वर्गात बाई एक चौकोन काढायला सांगतील. वरच्या कडेला २० आणि ७, बाजूला १० आणि ४. आत चार खण पडतात. त्यांत २००, ७०, ८० आणि २८ भरायचे आणि बेरीज करायची. बाबा म्हणतात, “एका ओळीचं गणित, त्याला एवढा पसारा कशाला?” एका पालक-भेटीत एका वडिलांनी माझ्यासमोर हेच म्हणत कागद सरकवला होता. मी त्यांना विचारलं, तुमचे आजोबा बाजारात सत्तावीस रुपये डझनानं चौदा डझनांचा हिशेब तोंडानं कसा करायचे? ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “सत्तावीस दाहे दोनशे सत्तर, सत्तावीस चोक एकशे आठ, झाले तीनशे अठ्ठ्याहत्तर.” चौदाचे दहा आणि चार केले, दोन्ही वेगळे गुणले आणि मिळवले. चौकोनात तेच आहे, फक्त कागदावर दिसतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला.

स्टँडर्ड्समधला क्रमही कळला की भीती कमी होते. तिसरीच्या शेवटी एक अंकी संख्यांचे गुणाकार तोंडपाठ हवेत. चौथीत उभी बेरीज-वजाबाकी सराईतपणे यावी, आणि दोन अंकी गुणिले दोन अंकी हे चौकोनासारख्या रीतींनी, का ते सांगून करता यावं. आपल्या नेहमीच्या उभ्या गुणाकाराची सराईतपणाची अपेक्षा पाचवीत येते, उभ्या भागाकाराची सहावीत. तुमचा मुलगा रीत म्हणून काही गोष्टींत पुढे असेल. पण ‘हातचा म्हणजे नक्की काय घेतलंस?’ असं विचारलं की आपली हुशार मुलं अडतात, आणि इथे त्या उत्तरालाच गुण आहेत. माझं स्पष्ट मत असं की इथे बऱ्याच वर्गांत पाढ्यांचा सराव कमी पडतो. घरी पाढे सोडू नका, रोज म्हणून घ्या. फक्त शाळेची रीत चुकीची आहे असं मुलासमोर बोलू नका. त्याच्या मनात घर आणि शाळा यांच्यात भांडण लागतं, आणि ते त्याला झेपत नाही.

काही बारीक गोष्टी मी दरवर्षी पहिल्या आठवड्यातच आपल्या मुलांच्या वहीत दुरुस्त करते. एक लाख लिहिताना ती १,००,००० असा स्वल्पविराम देतात. इथे तो १००,००० असा येतो, आणि चौथीत दहा लाखांपर्यंतच्या संख्या असतात, म्हणजे ही चूक रोज होते. तारखेत महिना आधी. इंच, फूट, औंस, फॅरनहाइट. ‘झेड’चं ‘झी’. आणि ‘बॉरो’, ‘कॅरी’ हे शब्द बाई वापरतच नाहीत, ‘रिग्रुप’ म्हणतात. मुलाला गणित येत असतं, शब्द ओळखीचा नसतो, आणि कागदावर चूक दिसते. मोजून दहा शब्द आहेत. ऑगस्टमध्येच घरी बोलून ठेवा.

इंग्रजीत फरक आणखी मोठा आहे. आपल्याकडे प्रश्नाचं उत्तर बाईंनी फळ्यावर दिलेलं असतं आणि मूल ते नीट लिहून पाठ करतं. इथे चौथीची अपेक्षा अशी की मुलानं काहीही म्हटलं की मजकुरात ते कुठं दिसलं हे दाखवायचं. पाठांतर चांगलं असलेल्या मुलाला हे सुरुवातीला अन्यायाचं वाटतं, “मी बरोबर लिहिलं तरी गुण का कापले?” यावर घरी एकच सवय लावा, आणि ती मराठीतूनच लावा. रात्री गोष्ट वाचून झाली की विचारा, “राजाला राग आला हे तुला कशावरून कळलं? दाखव बरं.” त्याला ओळीवर बोट ठेवू दे. हे मराठीत जमलं की इंग्रजीत न्यायला मला फार दिवस लागत नाहीत. लोक म्हणतात घरी इंग्रजी बोला म्हणजे लवकर येईल. मी अठरा वर्षांत याच्या उलटच बघितलंय. खेळण्या-बोलण्याचं इंग्रजी वर्ष-दोन वर्षांत येतंच. अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच-सात वर्षं लागतात, आणि ज्या मुलाच्या घरी एका भाषेत तरी भरपूर, खोल बोलणं होतं त्याची ती जास्त पक्की होते.

विज्ञान आणि समाजशास्त्रातही तुमच्या मुलाकडे देण्यासारखं आहे. हवामानबदल सगळ्या इयत्तांच्या स्टँडर्ड्समध्ये घालणारं न्यू जर्सी हे पहिलं राज्य. २०२० मध्ये ठरलं आणि सप्टेंबर २०२२ पासून वर्गात आलं. आशियाई-अमेरिकन लोकांचा इतिहास शिकवण्याचा कायदाही जानेवारी २०२२ मध्ये झाला. ठाण्याचा पाऊस, तुंबलेलं पाणी, बंद पडलेली लोकल हे ज्या मुलानं डोळ्यांनी पाहिलंय त्याला वर्गात बोलायला जागा आहे. त्याला आधी घरी ते मराठीत सांगायला लावा.

आता स्वागताच्या संध्याकाळचं. जाच. मुलांना घेऊन जा, एकट्या गेलात तरी जा. काही ठिकाणी हा कार्यक्रम नुसता पिझ्झा आणि शाळेच्या नावाचा टी-शर्ट एवढाच असतो. मी स्वतः असा एक बघितलाय. नव्या अभ्यासक्रमाचं त्या रात्री कुणी अक्षर काढलं नाही, आणि तीस कुटुंबं हसून, फोटो काढून घरी गेली. पुढे नोव्हेंबरमध्ये पहिलं प्रगतिपत्रक आलं तेव्हा त्यांतले कितीतरी जण माझ्याकडे घाबरून आले, कारण त्यावर ए-बी-सी किंवा टक्के नव्हतेच. प्रत्येक स्टँडर्डपुढे १ ते ४ आकडे होते, आणि ३ म्हणजे ‘या इयत्तेला हवं तेवढं येतं’ हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एका आजोबांना वाटलं नातवाला चारपैकी तीन म्हणजे पंच्याहत्तर टक्के मिळाले, घरात दोन दिवस अबोला झाला. म्हणून तुम्हीच विचारा. प्रगतिपत्रकाचा नमुना दाखवा म्हणावं. चौथीच्या गणितात या वर्षी नेमकं काय बदललं ते विचारा. आणि मूल अडलं तर घरी कळवणार कोण, कधी, कसं, तेही विचारा. घरी एका कागदावर इंग्रजीत लिहून न्या आणि बघून वाचा, अगदी चालतं. अडखळणाऱ्या इंग्रजीतल्या नेमक्या प्रश्नाला आम्ही शिक्षक जीव तोडून उत्तर देतो.

दुभाषा मागायचा असेल तर चार-पाच दिवस आधी ऑफिसला ईमेल करा. पालकांना समजेल अशा भाषेत महत्त्वाची माहिती देणं शाळेवर बंधनकारक आहे. माणूस नसेल तर फोनवरून दुभाषा जोडतात. आणि ‘हिंदी चालेल’ असं म्हणू नका, मराठीच मागा. नऊ वर्षांच्या मुलाला स्वतःच्याच प्रगतीचा दुभाषा करू नका. तो स्वतःला हवं तेवढंच सांगतो, आणि त्याच्यावर ते ओझंही होतं.

अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या डिस्ट्रिक्ट बोर्डाच्या सभा सगळ्यांसाठी खुल्या असतात आणि त्यात लोकांना बोलायला वेळ ठेवलेला असतो. बोर्डाच्या निवडणुकीत मत फक्त नागरिकांना, पण बोलायला व्हिसाची अट नाही. आमच्याकडे एका आईनं दोन मिनिटं कागद वाचून दाखवला: गणिताच्या शब्दांची घरच्या भाषांतली यादी नव्या अभ्यासक्रमासोबत पालकांना द्या. पुढच्या सत्रात ती यादी आली. मराठी भाग दोन आयांनी आणि मी मिळून एका रविवारी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून केला.

मुलाची मराठी लिहिण्या-वाचण्याची सवय टिकवायला बृहन्महाराष्ट्र मंडळाशी (उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची एकत्र संस्था) जोडलेल्या मराठी शाळा आहेत, जवळची शोधा. पुढे हायस्कूलमध्ये दोन भाषा येत असल्याची मोहोर प्रमाणपत्रावर मिळते, न्यू जर्सीत २०१६ पासून तसा कायदा आहे. मराठीची परीक्षा देऊनही ती मिळवता येते.

राहिली मुलगी. किंडरगार्टनसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये १ ऑक्टोबरपर्यंत पाच पूर्ण लागतात, म्हणजे ती बसेल, तरी आपल्या डिस्ट्रिक्टची तारीख फोन करून विचारा. तिच्या फॉर्मवरही मराठीच लिहा. सुरुवातीला तिची चाचणी ऐकण्या-बोलण्याचीच असते. एक बाई चित्रं दाखवतात आणि गप्पा मारतात. तिला परीक्षा आहे असं सांगू नका. शंभरपर्यंत मोजणं आणि अक्षरं ठाण्याच्या ज्युनिअर केजीतून तिला येतच असतील, त्याची घाई नको. तिला त्याऐवजी तीन गोष्टी शिकवा. डबा स्वतः उघडणं. जाकिटाची चेन लावणं. आणि सू लागली की ‘बाथरूम’ म्हणून हात वर करणं, कारण पहिल्या आठवड्यात आपली मुलं ‘टॉयलेट’ की ‘वॉशरूम’ या विचारात गप्प बसतात आणि मग रडतात. वर्गात कुणी तुमची भाषा बोलणारं असेल तर शोधून ठेवा, तिला आधी एकदा भेटवा.